पोरांना वाद घालायला शिकवणारा मास्तर राष्ट्राध्यक्ष झाला, आणि मग पोरांनी त्याच्याशीच वाद घातला

१६ डिसेंबर १९६५. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं डे मॉइन शहर. मेरी बेथ टिंकर नावाची १३ वर्षांची मुलगी दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. व्हिएतनाममध्ये मरणाऱ्यांचा शोक करायचा आणि नाताळात युद्धबंदी व्हावी अशी मागणी करायची, एवढंच त्या फितीचं म्हणणं होतं. शहरातल्या मुख्याध्यापकांनी अशा फितींवर दोनच दिवस आधी बंदी घातली होती. मेरी बेथला निलंबित करून घरी पाठवलं. तिचा १५ वर्षांचा भाऊ आणि त्यांचा १६ वर्षांचा एक मित्र, दोघंही हायस्कूलची मुलं, त्यांचीही तीच गत झाली.

आता यातली गंमत बघा. ज्या माणसाच्या युद्धाविरुद्ध या फिती होत्या, तो लिंडन बेन्स जॉन्सन, अमेरिकेचा ३६ वा राष्ट्राध्यक्ष, स्वतः एकेकाळी हायस्कूलचा मास्तर होता. आणि शिकवायचा काय, तर वादविवाद. देशात चालू असलेल्या कायद्याच्या प्रश्नावर चारचौघांत उभं राहून बोलायचं कसं, समोरच्याचा मुद्दा खोडायचा कसा, हे तो पोरांकडून घोटून घ्यायचा.

जॉन्सन म्हटलं की आपल्याकडे साधारण तीन गोष्टी आठवतात. केनेडींच्या खुनानंतर विमानात घेतलेली शपथ, व्हिएतनाम, आणि जुन्या लोकांना आठवतो तो गहू. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला, भारतातल्या रेशनच्या दुकानांत अमेरिकेचा गहू आला. तो गहू किती सोडायचा आणि केव्हा सोडायचा, हे जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये बसून स्वतः ठरवत. भारत व्हिएतनामवरून टीका करतो हे त्यांना चांगलंच झोंबत होतं. या माणसाला विरोध सहन होत नसे, हे इथेच लक्षात ठेवलेलं बरं. पुढे ते पुन्हा येणार आहे.

पण मास्तर जॉन्सन फारसा कुणाला माहीत नाही.

लिंडनचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा, टेक्सासमधल्या स्टोनवॉल गावाजवळचा. बाप सॅम जॉन्सन टेक्सासच्या विधिमंडळात आमदार होता. आई रिबेका त्या काळात कॉलेज शिकलेली, घरी मुलांना वक्तृत्वाचे धडे देणारी. म्हणजे एकीकडून राजकारण आणि दुसरीकडून भाषण, दोन्ही घरातच होतं. लहानपणी लिंडन बापाबरोबर ऑस्टिनला जाऊन विधिमंडळाचं कामकाज बघत बसायचा.

बापाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१८ साली पहिलं महायुद्ध चालू असताना टेक्सासमध्ये असं विधेयक आलं की युद्धाविरुद्ध, झेंड्याविरुद्ध कुणी काही बोललं तर थेट तुरुंग. टेक्सासच्या त्या डोंगराळ भागात जर्मन वंशाचे शेतकरी पुष्कळ, आणि रोख त्यांच्यावरच होता. हवा अशी होती की विरोध करणारा देशद्रोही ठरायचा. तरी सॅम जॉन्सन सभागृहात त्या विधेयकाविरुद्ध बोलला. कायदा झालाच, पण बोलणारा बोलून गेला. तेव्हा लिंडन नऊ वर्षांचा होता.

पुढे सॅमनं जमिनीत पैसा घातला, कापसाचे भाव पडले आणि घर कर्जात बुडालं. लिंडन १९२४ मध्ये जॉन्सन सिटीच्या हायस्कूलमधून बाहेर पडला. त्याच्या वर्गात मुलं होती सहा. कॉलेजला जायचं नाही म्हणून पठ्ठ्या कॅलिफोर्नियाला गेला, परत येऊन रस्त्याच्या कामावर मजुरी केली, आणि हात सोलपटल्यावर १९२७ मध्ये सॅन मार्कोसच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात दाखल झाला.

कॉलेजचे पैसे संपले. मग सप्टेंबर १९२८ मध्ये शिक्षण मध्येच थांबवून त्यानं नोकरी धरली. गावाचं नाव कोटुला. सॅन अँटोनिओहून मेक्सिकोच्या सीमेकडे जाताना लागणारं दक्षिण टेक्सासमधलं धुळीचं गाव. तिथं मेक्सिकन मुलांची वेगळी शाळा होती, वेलहाउसेन शाळा. पोरांच्या घरी दारिद्र्य असं की बरीचशी सकाळी उपाशीच यायची. २० वर्षांचा लिंडन पाचवी, सहावी, सातवीला शिकवायचा आणि शाळेचा मुख्याध्यापकही तोच.

त्याच्या आधीच्या मास्तरांनी या पोरांना वाऱ्यावर सोडलं होतं. लिंडननं पहिल्या पगारातून खेळाचं साहित्य आणलं. शब्दलेखनाच्या स्पर्धा, खेळाचे सामने, भाषणं, वादविवाद असं सगळं सुरू केलं. शेजारच्या गावांच्या शाळांशी सामने लावले, पोरांना न्यायला-आणायला पालकांकडून गाड्या मिळवल्या. शाळेच्या शिपायालाही इंग्रजी शिकवायला बसला.

पण हेही सांगितलं पाहिजे की शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलायला त्यानं बंदी घातली होती. कुणाच्या तोंडून स्पॅनिश शब्द निघाला तर पोराला मार बसायचा. इंग्रजी आलं तरच ही पोरं पुढं जातील असं त्याला मनापासून वाटत होतं. घरच्या भाषेत बोलल्याबद्दल मार खाणाऱ्या पोराला त्यातलं काय कळलं असेल, हा प्रश्न त्यानं तेव्हा स्वतःला विचारलेला दिसत नाही.

१९३० मध्ये पदवी हातात आली. थोडे दिवस पिअरसॉल नावाच्या गावात शिकवलं आणि त्याच ऑक्टोबरात ह्यूस्टनच्या सॅम ह्यूस्टन हायस्कूलमध्ये जागा मिळाली. लिंडनचा काका तिथं इतिहास शिकवायचा, त्याचाही हातभार लागला. महामंदीचे दिवस होते, नोकरी मिळणं हेच नशीब. विषय होता भाषणकला आणि वादविवाद.

इथं जरा अमेरिकेतल्या शाळांचं सांगावं लागेल. पूर्वी तिथंही नागरिकशास्त्र म्हणजे घटनेची कलमं पाठ करणं होतं. सिनेटर किती, त्यांची मुदत किती, राष्ट्राध्यक्षाचं वय किमान किती. आपल्याकडच्या वीस मार्कांच्या नागरिकशास्त्रासारखंच. १९१६ साली राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या समितीनं एक अहवाल दिला. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी मुलांना लोकशाहीपुढचे चालू प्रश्न शिकवावेत, अशी शिफारस त्यात होती. कोरडी कलमं नकोत, जिवंत प्रश्न हवेत, असा त्याचा सूर. या विषयाचे तास देशभर हळूहळू सुरू झाले.

टेक्सासमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. टेक्सास विद्यापीठानं १९१० पासून शाळांसाठी वादविवाद स्पर्धा सुरू केली होती. वर्षाला एकच विषय, सगळ्या राज्याला तोच. दोन जणांचा संघ. आणि अट अशी की संघाला विषयाच्या दोन्ही बाजू तयार ठेवाव्या लागायच्या. आज बाजूनं बोललात, तर उद्या विरुद्ध बोलावं लागेल. तुमचं मत काय याला किंमत शून्य, समोरच्याचं म्हणणं तुम्हाला त्याच्याइतकंच मांडता येतं का ते सांगा.

१९३०-३१ चा विषय होता ज्युरी. खटल्याचा निकाल बारा सामान्य नागरिकांनी द्यायची पद्धत मोडून तिच्या जागी दुसरी काही पद्धत आणावी का? ज्युरी हा अमेरिकेच्या राज्यघटनेनं दिलेला हक्क. सरकारनं नागरिकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तर निकाल सरकारी माणसानं द्यायचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी द्यायचा, ही त्यामागची कल्पना. विरोधकांचं म्हणणं, लोक भावनेच्या भरात वाहतात, कायदा कळत नाही, वकिलाच्या भाषणाला भुलतात. १६-१७ वर्षांच्या पोरांना यावर दोन्ही बाजूंनी भांडायचं होतं.

लिंडन मास्तरनं पोरांना कामाला लावलं. पाठ केलेलं भाषण चालणार नाही. आधी छोटी भाषणं, मग हळूहळू मोठी. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी मध्येच टोकायचं, खिल्ली उडवायची, आणि बोलणाऱ्यानं तरी सूत्र सोडायचं नाही. श्रोत्यांमधल्या एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं, गर्दीशी बोलायचं नाही. ग्रंथालयात बसून ज्युरीवर मिळेल ते वाचायचं. त्याचे दोन हुकमी एक्के होते, ल्यूथर जोन्स आणि जीन लॅटिमर. जोन्स थंड डोक्याचा आणि जरा अलिप्त, लॅटिमर तोंडाळ आणि हजरजबाबी. दोघांना गाडीत घालून मास्तर गावोगावच्या शाळांत सामने खेळवत फिरला.

आणि त्यानं दुसरी एक शक्कल लढवली. टेक्सासमध्ये शाळेचा हिरो म्हणजे फुटबॉलपटू. लिंडननं वादविवादाच्या पोरांसाठी तसेच जल्लोषाचे मेळावे भरवले, वर्तमानपत्रांत नाव छापून आणलं. आधी ज्या सामन्यांना कुत्रं फिरकत नव्हतं, त्यांना शेकडो लोक यायला लागले. ज्युरी ठेवावी की नको हे ऐकायला शेकडो लोक! पोरांनी शहर जिंकलं, जिल्हा जिंकला. ऑस्टिनला राज्याच्या अंतिम सामन्यात मात्र तीन विरुद्ध दोन अशा एका मतानं हरले. मास्तरला ती हार फार लागली.

एक गोष्ट त्या सगळ्या चर्चेत उघडपणे बाहेर होती. सॅम ह्यूस्टन हायस्कूल फक्त गोऱ्या मुलांचं होतं, राज्याचा कायदाच तसा होता. टेक्सासमध्ये बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं, ते १९५४ मध्ये शक्य झालं. काळ्या नागरिकांना ज्युरीपासून लांब ठेवलं जायचं. आणि कोटुलाच्या शाळेत शिकली तशी मेक्सिकन वंशाची माणसं? टेक्सासमधल्याच जॅक्सन परगण्यात २५ वर्षं एकाही मेक्सिकन नावाच्या माणसाला ज्युरीत घेतलं नव्हतं. तिथल्या हर्नांडेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते चूक ठरवलं, तेही १९५४ मध्येच. शेजाऱ्यांकडून न्याय हवा की नको यावर पोरं घसा कोरडा करत होती, पण त्या शेजाऱ्यांत कोण कोण मोजायचं हा मूळ प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

नोव्हेंबर १९३१ मध्ये रिचर्ड क्लेबर्ग नावाचे खासदार निवडून आले आणि त्यांना सचिव हवा होता. लिंडननं शाळा सोडली आणि वॉशिंग्टनची गाडी पकडली. मास्तरकी संपली. एकूण हिशेब धरला तर दोन-अडीच वर्षंसुद्धा नाही. पुढे जोन्स आणि लॅटिमर यांनाही त्यानं तिकडं बोलावून घेतलं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत राबवलं. कौतुक आणि पिळवणूक यांच्यातली रेषा जॉन्सनच्या बाबतीत नेहमीच पुसट राहिली.

नंतरची घोडदौड सगळ्यांना ठाऊक आहे. वयाच्या २६ व्या वर्षी टेक्सासमधल्या राष्ट्रीय युवा प्रशासनाचे प्रमुख, १९३७ मध्ये खासदार. १९४८ ची सिनेटची निवडणूक मात्र थांबून बघण्यासारखी आहे, कारण या गोष्टीचा शेवट तिथं अडकलेला आहे.

त्या वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. जवळपास दहा लाख मतांत ८७! दक्षिण टेक्सासमधल्या ॲलिस गावच्या १३ नंबरच्या पेटीत मतदानानंतर सहा दिवसांनी दोनशेच्या आसपास जादा मतं सापडली. बोलीभाषेत याला काय म्हणतात ते सांगायची गरज नाही. प्रतिस्पर्धी कोर्टात गेला, न्यायाधीशानं जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर छापायला मनाई केली. तेव्हा एब फोर्टस नावाच्या हुशार वकिलानं डोकं लढवलं आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्यापुढे अर्ज नेला. ब्लॅक यांनी मनाई उठवली. जॉन्सन सिनेटर झाले. फोर्टस आणि ब्लॅक, ही दोन नावं लक्षात ठेवा.

सिनेटमध्ये जॉन्सन यांनी ह्यूस्टनच्या वर्गातला धडा वेगळ्या पद्धतीनं वापरला. एकेकाला कोपऱ्यात गाठायचं, नाकाला नाक लागेल इतकं जवळ जायचं आणि त्याची दुखरी नस ओळखून बोलायचं. सहा फूट तीन-चार इंचांचा धिप्पाड माणूस अंगावर रेलून बोलायला लागला की समोरचा मत देऊन मोकळा व्हायचा. पण नागरी हक्कांच्या बाबतीत हेच जॉन्सन पहिली वीस वर्षं दक्षिणेच्या बाजूनं, म्हणजे हक्कांच्या विरोधात मतदान करत आले होते. १९५७ मध्ये सिनेटमधले बहुमताचे नेते असताना त्यांनी एक दुबळा का होईना पण नागरी हक्कांचा कायदा पास करून घेतला आणि दिशा बदलली.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डलासमध्ये केनेडींचा खून झाला आणि उपाध्यक्ष असलेले जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी जे कायदे केले, ते आज अमेरिकेतल्या प्रत्येक हायस्कूलच्या पुस्तकात आहेत. जून १९६४ मध्ये सिनेटमधली दक्षिणेची अडवणूक ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडली गेली आणि २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर सही झाली. मार्च १९६५ मध्ये सेल्मात मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या नागरिकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आठ दिवसांनी जॉन्सन संसदेसमोर उभे राहिले. त्या भाषणात त्यांनी कोटुला काढलं. ती उपाशी पोरं, त्यांच्या डोळ्यांत दिसणारी दुखावलेली नजर. आता आपल्या हातात सत्ता आहे आणि ती आपण वापरणार, असं त्यांनी देशाला सांगितलं. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला.

मधल्या काळात ११ एप्रिलला प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण कायदा झाला. गरीब वस्तीतल्या शाळांना केंद्राचा पैसा देणारा एवढा मोठा कायदा आधी झाला नव्हता. सही करायला जॉन्सन स्टोनवॉलजवळच्या त्यांच्या पहिल्या शाळेत गेले आणि शेजारी बसवल्या त्यांच्या पहिल्या बाई, केट डेड्रिक लोनी. चार वर्षांचा लिंडन या बाईंच्या मांडीवर बसल्याशिवाय वाचायचाच नाही. उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही झाली त्यांच्या जुन्या कॉलेजात, सॅन मार्कोसला. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते कोटुलाच्या शाळेतही जाऊन आले.

आणि २ जानेवारी १९६८ ला त्यांनी आणखी एका कायद्यावर सही केली. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना त्यांच्या घरच्या भाषेचा आधार घेऊन शिकवावं, त्यासाठी केंद्र पैसे देईल, असा तो कायदा. तो जॉन्सन यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. टेक्सासचे सिनेटर राल्फ यारबरो त्याच्यामागे होते आणि सरकार सुरुवातीला थंडच होतं. पण स्पॅनिश बोलल्याबद्दल पोरांना बदडणाऱ्या मास्तरची सही त्या कागदावर आहे.

हे सगळं चालू असतानाच व्हिएतनाम वाढत गेलं. १९६५ च्या सुरुवातीला तिथं २३ हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते, १९६८ मध्ये पाच लाखांच्या वर. सैन्यात सक्तीनं भरती व्हायचं वय १८ आणि मतदानाचं वय २१. म्हणजे ज्या सरकारनं लढायला पाठवलं, ते सरकार निवडायचा अधिकार त्या पोराला नाही.

पोरं बोलायला लागली. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक आणि विद्यार्थी रात्रभर बसून युद्धावर बोलले आणि ही पद्धत देशभर गेली. मग मोर्चे आले, भरतीची कार्डं जाळणं आलं. आज किती पोरांना मारलंत, असा सवाल राष्ट्राध्यक्षांच्या नावानं घोषणेतून विचारला जाऊ लागला, तोही व्हाइट हाउसच्या कुंपणाबाहेर, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

बोलताना कुणी मध्येच टोकलं तर सूत्र सोडायचं नाही, असं शिकवणारा मास्तर आता स्वतः टोकणं ऐकत होता. आणि ते त्याला जमलं नाही. विरोध करणाऱ्यांमागे परदेशी कम्युनिस्ट असणार, असं जॉन्सन यांच्या डोक्यात बसलं. त्यांच्याच काळात, १९६७ मध्ये, सीआयएनं युद्धविरोधी चळवळीवर पाळत ठेवायला सुरुवात केली. देशातल्या नागरिकांवर हेरगिरी करायचं सीआयएचं काम नाही, कायदाही तसं सांगतो. परराष्ट्र समितीचे अध्यक्ष सिनेटर फुलब्राइट हे जॉन्सन यांचे जुने मित्र. त्यांनी १९६६ मध्ये युद्धावर जाहीर सुनावण्या घेतल्या आणि दोघांतली मैत्री संपली. दोन्ही बाजू तयार ठेवायची सवय व्हाइट हाउसच्या दाराशी गळून पडली होती.

इकडे डे मॉइनची मुलं कोर्टात गेली होती. खालच्या कोर्टात हरली. अपिलात न्यायमूर्तींची मतं समसमान पडली, म्हणजे हारच. मग खटला सर्वोच्च न्यायालयात आला. प्रश्न साधा होता. शाळेत शिरताना मुलाचा बोलण्याचा घटनात्मक हक्क फाटकाबाहेर राहतो का?

२४ फेब्रुवारी १९६९ ला निकाल लागला. सात विरुद्ध दोन, मुलं जिंकली. काळी फीत हेही एक बोलणंच आहे, त्यानं वर्गाच्या कामात खरोखरचा अडथळा येत नसेल तर केवळ वादाची भीती वाटते म्हणून शाळेला ते बंद करता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

हा निकाल लिहिला कुणी? एब फोर्टस यांनी. तेच, १९४८ मध्ये जॉन्सन यांची खासदारकी वाचवणारे वकील. १९६५ मध्ये जॉन्सन यांनी एका न्यायमूर्तींना समजावून संयुक्त राष्ट्रांत पाठवलं आणि रिकाम्या जागी आपल्या या मित्राला बसवलं. न्यायमूर्ती झाल्यावरही फोर्टस राष्ट्राध्यक्षांना व्हिएतनामबद्दल सल्ले देत होते, जे कुठल्याही न्यायमूर्तीनं करू नये. आणि ते युद्धाच्या बाजूचे होते. म्हणजे युद्ध योग्य आहे असं मानणाऱ्या माणसानं, त्या युद्धाविरुद्ध फीत बांधणाऱ्या मुलीच्या बाजूनं निकाल लिहिला.

आणि विरोधी मत सगळ्यात कडाडून कुणी मांडलं? ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४८ मध्ये मनाई उठवणारे तेच. वयाची ऐंशी उलटलेले ब्लॅक आयुष्यभर भाषणस्वातंत्र्याचे कैवारी म्हणून ओळखले गेले, पण शाळा ही निषेध करायची जागा नाही, पोरं डोक्यावर बसतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. जॉन्सन यांना वाचवणारे दोघेही त्या दिवशी समोरासमोर होते, आणि विषय होता शाळकरी पोरांनी देशाच्या राजकारणावर तोंड उघडावं की नाही. काही महिन्यांनी फोर्टस यांना एका उद्योगपतीच्या संस्थेकडून घेतलेल्या पैशांच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला, तो भाग वेगळा.

निकाल लागला तेव्हा जॉन्सन यांना पायउतार होऊन महिना झाला होता. ३१ मार्च १९६८ ला टीव्हीवरच्या भाषणाच्या शेवटी त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर करून टाकलं होतं. जाता जाता मात्र त्यांनी एक काम केलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी संसदेला संदेश पाठवला की मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणायला घटनादुरुस्ती करा. ज्या पोरांनी त्यांचं जगणं हराम केलं होतं, त्यांनाच मत द्या, असं सांगणारा तो कागद. लगेच काही झालं नाही. १ जुलै १९७१ ला २६ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये देशभरातल्या १८ वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत टाकलं.

जॉन्सन तोवर टेक्सासमधल्या आपल्या शेतावर परतले होते. केस मानेपर्यंत वाढवलेले, अगदी ज्यांच्यावर चिडायचे त्या पोरांसारखे. सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू झाली होती. हृदय खराब झालेलं. डिसेंबर १९७२ मध्ये ऑस्टिनला नागरी हक्कांवरच्या परिषदेत ते आजारी असताना बोलायला उभे राहिले, तेच शेवटचं मोठं जाहीर भाषण. २२ जानेवारी १९७३ ला वयाच्या ६४ व्या वर्षी ते गेले. पाच दिवसांनी पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या शांतता करारावर सह्या झाल्या. ५८ हजारांहून जास्त अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी माणसं त्या युद्धानं गिळली.

टिंकर खटला आज अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवला जातो. मात्र चालू राजकारण वर्गात आणावं की नाही हा वाद मिटलेला नाही, आणि जॉन्सन यांच्या टेक्सासमध्ये तर तो आणखी पेटला आहे. २०२१ साली तिथल्या विधिमंडळानं कायदा केला. चालू वादग्रस्त विषयावर बोलायची शिक्षकावर सक्ती करता येणार नाही, आणि बोललाच तर त्यानं पक्षपात न करता बोललं पाहिजे. विद्यार्थ्यांनी आमदारांना गाठून एखाद्या विधेयकासाठी प्रयत्न केले तर त्याचे गुण अभ्यासक्रमात धरता येणार नाहीत. कायद्याच्या बाजूचे म्हणतात, शिक्षक आपली मतं पोरांच्या गळी उतरवतात, ते थांबलं पाहिजे. विरोधातले म्हणतात, नोकरीच्या भीतीनं शिक्षक असे विषयच टाळतील.

१९१० पासूनची ती शालेय वादविवाद स्पर्धा मात्र टेक्सासमध्ये अजून दरवर्षी भरते. विषय अजूनही सरकारच्या चालू धोरणातलाच असतो, आणि दोन जणांच्या संघाला अजूनही दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.